खळ्यातली पद्मिनी रोजच्या रस्त्यावर आणायची तर

काकांची १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी गावाकडच्या खळ्यात अकरा वर्षं उभी होती. एका मे महिन्यात वादळ झालं आणि निंबाची फांदी तिच्या टपावर आली. टप दबला, मागची काच फुटली, पुढचे दोन पावसाळे पाणी सरळ सीटवर. उरलेलं काम उंदरांनी केलं. माझं पारोळ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, माल आणायला आठवड्यातून तीनदा धुळ्याला जातो. मला ही गाडी त्या फेऱ्यांसाठी हवी होती, लग्नाच्या वरातीत मिरवायला नव्हे. तुम्हालाही रोज चालवायची असेल तर पुढचं वाचा. नुसती सजवून ठेवायची असेल तर तुमचा रस्ता वेगळा.

मी उत्साहात मिस्तरींना रंगाचं विचारलं. ते खाली वाकून चाकामागे बघत होते. म्हणाले, "अप्पा, चालू व्हई जाई, पन थांबी का?" म्हणजे चालू होईल, पण थांबेल का? सगळ्या कामाचा क्रम त्या एका प्रश्नाने ठरला: आधी थांबणं, मग चालणं, रंग शेवटी.

पैसा ओतण्याआधी एक जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गाडीखाली झोपा. पद्मिनीला वेगळी चासी (भार पेलणारी लोखंडी चौकट) नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे टपाचा डेंट दिसायला भयंकर असला तरी तो स्वस्तातला आजार. खरा आजार पायाखालच्या पत्र्यात, दरवाजाखालच्या पट्टीत आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकवलेत तिथे असतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. टणक आवाज आला तर ठीक, बिस्किटासारखा आत गेला तर तो पत्रा कापावाच लागणार. पाट्यांच्या जागाच गेल्या असतील तर दुसरी गाडी शोधा, हे मी स्पष्ट सांगतो. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून बाहेरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत नुसती लांबी (पुट्टी) भरलेली आहे. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालून खळ्यातलं गवत दिसत होतं, पण पाट्यांच्या जागा शाबूत होत्या. त्यावर हो म्हटलं.

कागद त्याच आठवड्यात काढा. मालक वारलेला असेल तर वारसांच्या नावावर करायला फॉर्म ३१, पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण करायला फॉर्म २५. एप्रिल २०२२ मध्ये ही नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती, त्यामुळे आजचा आकडा आरटीओत विचारूनच हिशेब मांडा. पर्यावरण कर वेगळा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहा, कारण या गाड्यांत मधल्या काळात कुणी डिझेल इंजिन बसवलेलं असतं. तुमची फियाट (पद्मिनीचंच जुनं नाव) पन्नाशी ओलांडलेली असेल आणि कुणी 'व्हिंटेज'मध्ये नोंदवा म्हणालं तर थांबा. २०२१ च्या नियमांत तशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणायला मनाई आहे.

आता ब्रेक. माझ्या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर. कुठेही गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून इथे 'अजून चालेल' हा शब्द नाही. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, रबरी नळ्या, लायनर नवे. लोखंडी पाइप वरून ठीक दिसतात, पण क्लिपखाली गंजतात, तेही बदला. ब्रेक ऑइल डॉट-३ चंच, चुकूनही इंजिन ऑइल नाही, त्याने रबर फुगतं. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. मागच्या सीटवर दोन धडधाकट माणसं बसवून मोकळ्या मैदानात थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढते का, ते तेव्हाच कळतं. टायरवर नक्षी दिसली म्हणून भुलू नका. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरची नक्षी शाबूत होती, पण सहज वाकवलं तर भेगांत नख जात होतं.

इंजिन जाम असेल तर सेल्फ मारू नका, ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता, चार-पाच दिवस राहू द्या. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने मागे-पुढे हलवा. आमची पाचव्या दिवशी बोटभर सरकली. मिस्तरींनी पोरांना चहा पाजला.

पेट्रोलची टाकी काढून धुवायचीच. आत साखळी आणि बारीक गिट्टी टाकून, टाकीला पोती गुंडाळून आम्ही ती स्लॅबच्या मिक्सरमध्ये बांधून अर्धा तास फिरवली. बाहेर आलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. टाकीला वेल्डिंग करू नका, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त पेटते. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरी नळी आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा खराब होतो, म्हणून नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या आणि मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. पहिल्या महिन्यात तो मी तीनदा बदलला.

आणि आता खानदेशातलं खरं दुखणं, ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हे १०८९ सीसीचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की हेड वाकतं. मी मूर्खपणा केला. रेडिएटर वरून धुतला आणि आत बोअरचं पाणी भरलं. आमच्याकडच्या पाण्याने किटलीत थर बसतो, तो रेडिएटरच्या नळ्यांतही बसणारच. धुळ्याच्या अलीकडे फागण्याजवळ तापमानाचा काटा लाल झाला, मी "धुळं आलंच" म्हणत दामटली, ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट उडालं. लेथवर हेड सपाट करून आणलं, तो खर्च माझ्या हट्टाचा. रेडिएटरचा कोअर नवा टाका, कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. मी आणखी एक इलेक्ट्रिक पंखा लावला. मूळ गाडीत तो नव्हता म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. त्यांनी एकदा दुपारी दोन वाजता वाटेतल्या मुकटीला रस्ता तुंबलेला असताना थांबून दाखवावं.

दुपारी गरम गाडी बंद केली आणि पुन्हा सुरूच होईना, तर बहुतेक पेट्रोल इंजिनवरच्या पंपातच उकळलेलं असतं. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणजे पाइप गरम भागापासून लांब नेणं.

वायरिंग हा माझा धंदा, त्यामुळे सगळं नवीन ओढलं. उंदरांनी कुरतडलेली वायर जोडत बसू नका. हेडलाइटला रिले लावा म्हणजे जुन्या स्विचवरचा भार उतरतो. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला मिळतात. तिथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांत शेवटची पद्मिनी २००३ ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठीची तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, त्यामुळे यापुढे सामान विरळच होत जाणार. ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर आणि फॅन बेल्ट यांचा एकेक जादा नग डिकीत असू द्या, शिवाय पाच लिटर पाणी.

पायाखालचा पत्रा १८ गेजचा, सीओटू वेल्डिंगने. त्याआधी बॅटरी सोडा आणि टाकी बाहेर ठेवा. पहिले पाचशे किलोमीटर साठच्या आत चालवा आणि मग ऑइल बदला.

टप मी अजून पूर्ण सरळ केलेला नाही. आतून लाकडी ठोकळा लावून उचलला आणि प्रायमर मारून सोडला. परवा पेट्रोल पंपावर एकाने विचारलं, रंग कधी? मी म्हटलं, ब्रेकचे लायनर पुन्हा तपासायचे आहेत, ते झाले की बघू.