जुनी एमजीबी घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. नागपुरात अशी गाडी घरच्या पोर्चमध्ये सांभाळणाऱ्यांचा पैसा बहुधा एकाच कारणाने वाया जातो: दोष सापडण्याआधीच सुटे भाग बदलले जातात.

नवतप्यात वर्धा रोडच्या सिग्नलला गाडी बंद पडली, की ‘पेट्रोलची वाफ झाली’ असे ठरवून थेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडला जातो. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या अगदी वर असल्यामुळे ४५ अंशांच्या उन्हात पेट्रोल उकळू शकते हे खरे. परंतु तापल्यावर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतील कॉइल किंवा कंडेन्सर दगा देऊ लागला, तरीही गाडी नेमकी अशीच बंद पडते. म्हणून इंजिन गरम असतानाच एक जादा स्पार्क प्लग त्याच्या वायरला जोडून, कार्ब्युरेटरच्या विरुद्ध बाजूला, इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावा, वायरपासून हात दूर घ्यावा आणि सोबतच्या माणसाला स्टार्टर मारायला सांगून ठिणगी पाहावी. ती निळसर व जोरकस असेल तर पेट्रोलची बाजू तपासावी. पिवळट आणि क्षीण असेल तर कार्ब्युरेटरला हातही लावू नये. दोष पेट्रोल उकळण्याचाच निघाला, तर कार्ब्युरेटरमागची उष्णतारोधक पत्र्याची ढाल जागेवर आहे का ते पाहावे, कारण मागच्या दुरुस्तीत ती काढून पुन्हा न बसवल्याचे पुष्कळदा आढळते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मात्र कधीही ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

वेग वाढवताना गाडी अडखळू लागली, की मिश्रणाचे नट फिरवण्याचा मोह होतो. त्याआधी कार्ब्युरेटरच्या डोक्यावरचे टोपण काढून डॅम्परमधील (आतल्या पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या भागातील) तेल पाहावे. टोपण परत बसवताना, आटे लागण्याच्या थोडे आधीच, बोटाला तेलाचा अडसर जाणवला पाहिजे. तो जाणवला नाही तर तेल कमी आहे आणि ते भरण्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. हा उपाय इतका सोपा आहे, की तो कोणाला सुचतच नाही.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामुळे हिवाळ्यात इंजिन पुरेसे गरम होत नाही, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो. तो दोष बहुधा रेडिएटरमध्ये साचलेल्या क्षारांचा असतो. बोअरच्या जड पाण्याने क्षार वाढतात; तेव्हा शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट समप्रमाणात भरावे.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. सवयीने ऋण बाजू जोडल्यास विजेच्या भागांचे नुकसान होते, म्हणून वायर जोडण्यापूर्वी मूळ जोडणी तपासावी. नट-बोल्ट इंची मापाचे असल्याने मिलिमीटरचे पाने वापरू नयेत, कोपरे झिजतात.

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये आणि विटांचा आधार तर मुळीच घेऊ नये. पक्क्या फरशीवर स्टँड लावून, गाडी हलवून पाहिल्यानंतरच खाली जावे.