देवळाच्या, मशिदीच्या आवारात शेतकऱ्यांचा बाजार कसा भरवावा

ठाण्यात अन्नदानाला तोटा नाही. गणपतीत मंडळांचा महाप्रसाद, रमजानात मुंब्र्यातल्या मशिदींत इफ्तार, गुरुद्वाऱ्यात लंगर, १४ एप्रिलला बुद्धविहारांपुढे भोजनदान. पण या पातेल्यांतला माल बहुधा घाऊक बाजारातून येतो आणि मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातलं थोडंच लागतं. जेवण वाटणाऱ्या संस्थांनी मिळून थेट खरेदी केली तर त्याला दोन पैसे जास्त सुटतील. सुरुवात आवारातल्या आठवडी बाजाराने करा.

आधी तीन-चार संस्था जमवा, त्याही एकाच धर्माच्या नकोत. एकट्या देवळाने भरवलेला बाजार त्या देवळाच्या भाविकांपुरताच राहतो. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब आणावा: महिन्याला तांदूळ किती, डाळ किती, कांदे-बटाटे किती. त्याची बेरीज हातात असली की शेतकऱ्याला ‘या, खपलं तर खपलं’ असं सांगावं लागत नाही. इतका माल आम्ही घेणारच, असा शब्द देता येतो.

त्याच बैठकीत सुक्या मासळीचा विषय काढा. हो, तोच. आगरी-कोळी बायका बोंबील, जवळा घेऊन येणार आणि कोणीतरी नाक मुरडणार. जैन मंदिराचं आवार असेल तर त्यांची मर्यादा पाळा, पण म्हणून मासळीवालीला कायमचं बाहेर ठेवू नका. बाजार आळीपाळीने भरवा, एका आठवड्याला मंदिरात, पुढच्याला चर्चच्या पटांगणात. रविवारी मिस्सा सुटल्यावर गिऱ्हाईक आयतंच मिळतं. शुक्रवारी मशिदीजवळ भरवायचा तर दुपारची नमाज होऊ द्या. हे आधी बोलून घेतलं नाही तर पुढे भावावरून नाही, वासावरून भांडण होईल.

जागेसाठी विश्वस्तांचा लेखी ठराव घ्या आणि प्रभाग कार्यालयाला व पोलीस ठाण्याला पत्र द्या. फळं-भाजीपाला राज्यात २०१६ साली नियमनमुक्त झाला, त्यामुळे शेतकरी बाजार समितीबाहेर थेट विकू शकतो. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांची माहिती तालुका कृषी कार्यालयात विचारा. लोणची-पापड विकणाऱ्या बचत गटाकडे एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे ना, तेवढं बघा.

पावसाच्या तोंडावर सुरू केलंत तर उत्तम. शेवळं, टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन आदिवासी बायका एरवी स्टेशनबाहेर फुटपाथवर बसतात, पालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळतात. त्यांना छपराखालची जागा द्या, भाडं घेऊ नका. (शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांसोबत ती खाज मारणारी काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, ठेवायला सांगा. नाहीतर नवखं गिऱ्हाईक घसा खाजवत परत येईल.)

भाव ठरवताना वाशीच्या बाजार समितीतला घाऊक दर आणि तुमच्या नाक्यावरचा किरकोळ दर पाहा आणि मधला आकडा फळ्यावर लिहा. घासाघीस नाही. आडत, हमाली, तोलाई काहीही कापायचं नाही. टेम्पोचं भाडं संस्थांनी वाटून घ्यावं. काटे वैधमापनाचा शिक्का असलेलेच वापरा. संध्याकाळी उरलेला माल लंगरला किंवा अन्नछत्राला न्या, पण ठरल्या भावाने पैसे मोजून. ‘आता उरलंच आहे, तर देवाला द्या’ हे वाक्य शेतकऱ्यापुढे कोणी उच्चारू नये.

एक टेबल मात्र रेशनसाठी राखा. नाक्यावर उभे राहणारे बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर गावच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य घेऊ शकतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. दुकानदार ‘कार्ड बाहेरचं आहे’ म्हणाला, तर टेबलावरूनच १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवून द्या.