ऑनलाइन लिलावात जास्तीची बोली: या चुका टाळा

जुन्या नाण्यांच्या नादी लागून मला बरीच वर्षं झाली. प्रत्येक ऑनलाइन लिलावानंतर कुणा ना कुणाचा फोन येतोच. "काका, चुकून जास्त बोली लागली हो, आता काय करू?" त्या 'चुकून'चे सगळे प्रकार आता मला पाठ झालेत.

सगळ्यात महाग चूक शून्याची. नवख्यांना हसण्याचा मला अधिकार नाही, कारण ती मीही केली आहे. चाळीस दुदांडी शिवराई नाण्यांचा लॉट होता. शिवराई म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, दुदांडी हा तिचा एक प्रकार. दुदांडी काही दुर्मीळ नव्हे, पण शिवराईवर अक्षरं बहुतेक अर्धवटच उमटलेली असतात आणि या लॉटमध्ये 'श्री राजा शिव', 'छत्र पति' स्वच्छ वाचता येणारी बरीच नाणी होती. ४,५०० पर्यंत जायचं ठरवलं. लिलाव संपायला दहा मिनिटं उरली होती आणि मी बसमध्ये उभा, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मोबाइल. अंगठ्याने आकडा टाकला, बटण दाबलं, आणि पाहतो तर सर्वोच्च बोली माझी: ४५,०००.

'कमाल बोली'च्या रकान्यात ही चूक झाली असती तर थोडक्यात निभावलं असतं. तिथे यंत्रणा तुमच्या वतीने समोरच्यापेक्षा एक पायरी वर एवढीच बोली लावते, सगळी रक्कम उघड करत नाही. (समोरच्यानेही असंच एक शून्य जास्त मारलं असेल, तर मात्र दोघांनी एकमेकांना नमस्कार करावा.) मी थेट बोली लावली होती. थेट म्हणजे थेट.

पुढच्या स्टॉपला उतरलो आणि लिलाववाल्यांना फोन लावला. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. पण बहुतेक लिलावघरांच्या अटींत 'लावलेली बोली रद्द होणार नाही' असं लिहिलेलं असतं आणि त्या अटींखाली आपण न वाचता टिचकी मारलेली असते. म्हणून कायदा शिकवायला गेलो नाही, सरळ विनवणी केली आणि रस्त्यावर उभ्या उभ्या ईमेल पाठवली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "पहिल्यांदा आहे म्हणून काढतो. पुढच्या वेळी बिल येईल." लिलाव संपल्यावर फोन करणाऱ्यांना एवढंही ऐकायला मिळत नाही.

तेव्हापासून मोबाइलवरून बोली बंद. घरी संगणकासमोर बसायचं, मर्यादा कागदावर अक्षरी लिहायची आणि बटण दाबण्याआधी पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा: "पंचेचाळीसशे." बायको हसते. हसू दे.

दुसरी चूक टंकनाची नाही, हिशेबाची. १०,००० ची बोली म्हणजे १०,००० चं नाणं नव्हे. त्यावर लिलावघराचं कमिशन. समजा १५ टक्के, तर ११,५०० झालेच. मग जीएसटी, मग कुरिअर. खिशात दहा असतील तर मी आठावर थांबतो. "एवढ्यासाठी कशाला सोडायचं" म्हणत इरेला पेटणारे पुढच्या महिन्यात तेच नाणं तोट्यात विकायला काढतात, आणि ते आधी मलाच दाखवतात.

आपलीच बोली सर्वोच्च असताना घाबरून पुन्हा बोली लावू नका. थेट बोलीत तुम्ही स्वतःशीच भांडत असता.

शेवटच्या सेकंदाला बोली मारायची युक्ती ईबेवर चालते, कारण तिथे वेळ ठरलेली असते. जिथे उशिरा आलेल्या बोलीने वेळ वाढते, तिथे या चलाखीतून फक्त घाई होते आणि घाईत शून्यं वाढतात.

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दिसला की अनेकांचं भान सुटतं. आधी खरा आहे का ते पाहा. १९३८ च्या रुपयावरच्या ८ चा ९ केलेले फिरत असतात.

आणि चूक झालीच तर पैसे न भरता गप्प बसू नका. खातं बंद होतं.

राहता राहिला तो शिवराई नाण्यांचा लॉट. माझी बोली काढून टाकताना त्यांनी माझं खातं त्या दिवसापुरतं थांबवलं होतं. लॉट ४,२०० ला गेला.