ट्रॅकवरून आल्यावर गाडी थरथरते: चाकाच्या कंपनाचं मूळ कसं शोधायचं

ट्रॅकवर पळवलेली स्पोर्ट्स कार परतीच्या रस्त्यावर ताशी ९०-१०० किमीच्या पुढे थरथरू लागली, की बहुतेक जण दुसऱ्या दिवशी चाकं थेट बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवतात. ही घाई नडते. ट्रॅकवर टायर, ब्रेकची डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) इतके तापतात की त्यातून होणारे बरेच बदल बॅलन्सिंगने सुधारत नाहीत, उलट झाकले जातात. टायरला चिकटलेल्या रबरासकट चाक बॅलन्स केलं, तर थोड्या दिवसांत ते रबर झडतं आणि नव्याने लावलेली वजनंच चुकीची ठरतात. म्हणून आधी कंपन ओळखा, मग चाक साफ करून तपासा. मशीनची पाळी त्यानंतर.

गाडी हलवण्याआधी

चाकं हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग प्रत्येक नट किंवा बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक होणाऱ्या पान्याने तपासा. स्पोर्ट्स कारमध्ये हा आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, साधारण १०० ते १६० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. तापलेल्या अलॉयवर घेतलेला टॉर्क फसवा असतो, म्हणून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, तपासणी केली असली तरी गार झाल्यावर पुन्हा करायची. एखादा नट रेंच क्लिक होण्याआधी पाव फेरी फिरला, तर तो सैल झाला होता. अशा वेळी चाक काढून नट बसण्याच्या जागा बघा. सैल नटावर चाललेल्या चाकाची भोकं लंबगोल होतात, आणि असं चाक पुन्हा कधीच नीट मध्यावर बसत नाही. स्टड (नट ज्यावर आवळतो तो आटेदार दांडा) तुटलेला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही बदला, कारण त्याचा भार त्यांनीच उचललेला असतो.

मग टायर. आतली बाजू दिसली पाहिजे, त्यामुळे गाडी उचलून स्टॅण्डवर घ्या. कुठे फुगवटा, तार दिसणं, ट्रेडचा (रस्त्याला टेकणाऱ्या भागाचा) तुकडा उडणं किंवा आतला पट्टा सुटल्यासारखी उंचवट्याची रेघ आढळली, तर पुढची कोणतीही चाचणी करू नका. तो टायर रस्त्यावर न्यायचा नाही.

हवेचा दाबही इथेच बघून घ्या. ट्रॅकवर गरम टायरमधून हवा सोडून ३२-३४ पीएसआयवर आणलेली असते. तोच टायर रात्रभर गार झाला की २५-२६ वर येतो. दर ५-६ अंश सेल्सिअसला सुमारे १ पीएसआय, हे गणित लक्षात ठेवा. कमी हवेचा टायर डगमगतो आणि ते डगमगणं कंपनासारखंच जाणवतं. गार टायरमध्ये रस्त्यासाठी सांगितलेला दाब भरा, मगच चाचणीला निघा.

कंपन कधी येतं, कुठे जाणवतं

मोकळा, गुळगुळीत, सरळ रस्ता निवडा आणि तिथल्या वेगमर्यादेतच चाचणी घ्या. तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायच्या: एकाच वेगाने चालवणं, हलका ब्रेक लावणं, आणि ॲक्सिलरेटर दाबून सोडणं. शेजारी कोणी बसवून नोंदी घ्यायला सांगा, गाडी चालवताना लिहू नका.

एका ठरावीक वेगाला, बहुधा ९० ते १२० च्या पट्ट्यात, स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग शांत पण सीट आणि फरशी हलते, तर मागची चाकं. फक्त ब्रेक लावल्यावर हादरे येतात आणि वेग कमी होताना तेही संथ होत जातात, तर डिस्क. ॲक्सिलरेटर दाबला की येतं आणि सोडला की जातं, तर ॲक्सलचा आतला सीव्ही जॉइंट (चाकाकडे चालना नेणारा वळता जोड) किंवा इंजिनाचे माउंट बघायचे. तिथे चाकं काढून काही हाती लागत नाही.

फोनवरचं कंपन मोजणारं ॲप इथे खरंच उपयोगी पडतं, पण आधी थोडा हिशेब हवा. २४५/४०/१८ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६५३ मिमी, म्हणजे घेर २.०५ मीटर. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा वेळा फिरतं. ॲपमध्ये १३-१४ हर्ट्झला (सेकंदाला तेवढ्या कंपनांना) शिखर दिसलं तर दोष चाकात, टायरमध्ये, डिस्कमध्ये किंवा हबमध्ये. २७ च्या आसपास दिसलं तर एका फेरीत दोन धक्के बसताहेत: रिम लंबगोल झालं असेल किंवा टायरला समोरासमोर दोन सपाट डाग असतील. इंजिन पुढे आणि चालना मागे असलेल्या गाडीत ४०-४७ हर्ट्झ दिसलं तर चालना मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे वळा, कारण तो चाकाच्या तीन-साडेतीन पट वेगाने फिरतो. आपल्या टायरच्या मापाने हे आकडे एकदा काढून ठेवा.

चाक धुणं ही तपासणीच आहे

ट्रॅकच्या कडेला इतर गाड्यांच्या टायरचे रबराचे गोळे पडलेले असतात. शेवटच्या गार होण्याच्या फेरीत गाड्या नेहमी धावतात त्या रेषेबाहेरून चालवलं की तापलेला, चिकट टायर ते उचलतो. सेमी-स्लिकवर (कमी खाचांच्या ट्रॅक-टायरवर) हा थर काही मिलिमीटर जाड होतो, तोही एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. गाडी खडखडते, आवाज करते आणि बेअरिंग गेल्याचा भास होतो. हीटगनने रबर कोमट करा आणि रुंद पट्टीने तिरकं धरून खरवडा. टायरचं मूळ रबर मऊ पडून पट्टीला लागू लागलं तर उष्णता जास्त झाली, तिथेच थांबा. पातळ थर असेल तर रस्त्यावरच्या ३०-४० किमीत तो आपोआप झिजतो.

आता रिमच्या आत हात घाला. ट्रॅक सोडून मातीत गेलेल्या गाडीच्या रिममध्ये चिखल आणि खडी वाळून बसते. आतल्या बाजूची चिकटवजनं ब्रेकच्या उष्णतेने सुटून पडणं हा तर ट्रॅकचा नेहमीचा प्रकार आहे. डिंकाचा चौकोनी ठसा दिसतो आणि वजन नसतं, तेव्हा कंपनाचं कारण सापडलंच म्हणून समजा. ३० ग्रॅमचं वजन रिमवर २३ सेंटिमीटर त्रिज्येवर असेल, तर ताशी १०० ला ते सुमारे ५ किलोचा ओढा देतं आणि २०० ला २० किलोचा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे गावात शांत असलेली गाडी हायवेवर बिथरते.

टायर रिमवर सरकतो, हे मात्र फार कमी जण तपासतात. जोराच्या ब्रेकिंगमध्ये किंवा वळणातून सुटताना टायर रिमवर गोल फिरून काही सेंटिमीटर पुढे-मागे जातो, आणि पूर्वीचं बॅलन्सिंग वाया जातं. टायर नुकताच चढवलेला असेल आणि कडेचं साबणपाणी वाळायच्या आत ट्रॅकवर गेला असाल, तर हे हमखास होतं. उपाय बिनखर्चाचा आहे: ट्रॅकला जाण्याआधी व्हॉल्व्हसमोर रिम आणि टायर या दोन्हींवर खडूने एकच रेघ ओढा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर ते चाक नव्याने बॅलन्स करावं लागणार.

ब्रेक लावताना चाकं लॉक झाली, म्हणजे न फिरता घसरली असतील तर सपाट डाग शोधा. हाताचा तळवा ट्रेडवरून गोल फिरवला की खोलगट जागा कळते. तार न दिसणारा छोटा डाग थोडा झिजून कमी होतो, मोठा कधीच नीट होत नाही. याचा एक निरुपद्रवी भाऊ आहे: गरम टायरवर गाडी तासन्‌तास उभी राहिली की टायर तळाशी चपटा बसतो. १५-२० किमी चालवून तो तापला की हा चपटेपणा जातो. सकाळी पहिल्या काही किलोमीटरपुरतं कंपन येत असेल तर खर्च करू नका.

रिम वाकलं आहे का, हे बाहेरच्या चकचकीत बाजूवरून ठरवू नका. ट्रॅकच्या कडेचा कर्ब बहुतेक वेळा आतली कड वाकवतो. गाडी उचलून डायल गेज (बारीक डोलणं काट्यावर दाखवणारं माप) आतल्या कडेला लावा आणि चाक हाताने हळू फिरवा. अलॉय रिममध्ये ०.५ मिमीच्या आत असेल तर उत्तम, १ मिमीच्या वर गेलं तर तोच दोषी. तडा दिसला तर रिम सरळ करून घेण्याच्या फंदात पडू नका, बदला.

ब्रेक लावल्यावर हादरे

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ‘डिस्क वाकली’ असं म्हणून नवी डिस्क टाकली जाते आणि दोन ट्रॅक-दिवसांत तोच हादरा परत येतो. डिस्क सहसा वाकलेली नसतेच. पॅडचा पदार्थ डिस्कवर असमान जमतो, त्यामुळे जाडी ठिकठिकाणी वेगळी होते आणि पेडल ढकललं जातं. तापलेल्या ब्रेकवर पिटमध्ये पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा अख्खा ठसा डिस्कवर छापला जातो. रस्त्याचे पॅड काढून त्याच डिस्कवर ट्रॅकचे पॅड घातले, तरी दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि तोच परिणाम होतो.

मायक्रोमीटरने कडेपासून १०-१५ मिमी आत, समान अंतरावर आठ ठिकाणी जाडी मोजा. ०.०१५ मिमीपेक्षा जास्त फरक पायाला जाणवू लागतो. मग डिस्क सगळ्या नटांनी, वॉशर घालून, योग्य टॉर्कने हबवर आवळा आणि डायल गेजने बाजूचं डोलणं बघा. ०.०५ मिमीपर्यंत ठीक. ०.१ च्या जवळ असेल तर डिस्क काढा, हबचा चेहरा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत स्वच्छ करा, डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. हबवर अडकलेला केसाएवढा कण डिस्कच्या कडेला दुपटीहून मोठा होऊन दिसतो. हे डोलणं तसंच राहू दिलं, तर डिस्कचा उंच भाग ब्रेक न लावताही पॅडला घासत राहतो आणि जाडीतला फरक पुन्हा तयार होतो.

थर ताजा असेल तर १२०-१५० नंबरच्या गार्नेट पेपरने डिस्कच्या दोन्ही बाजू आडव्या-उभ्या हाताने घासा. पॅड सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या पेपरवर हलके घासा, मास्क लावूनच. नंतर रिकाम्या रस्त्यावर १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा, एकदाही पूर्ण थांबू नका. मग काही किलोमीटर ब्रेकला हात न लावता गार होऊ द्या. एवढं करूनही हादरा परतला आणि डिस्कवर निळसर-काळे कडक डाग दिसले, तर लोखंडाची रचनाच बदलली आहे. तिथे सिमेंटाइट, म्हणजे लोखंड आणि कार्बनचं कडक संयुग, तयार झालेलं असतं आणि ते खोलवर जातं, त्यामुळे घासणं किंवा लेथवर चढवणं फार काळ टिकत नाही. ती डिस्क बदला. भोकांच्या भोवतीच्या बारीक रेघा चालतात. तडा बाहेरच्या कडेला पोचला किंवा एका भोकातून दुसऱ्यात गेला तर मात्र नाही.

कार्बन-सिरॅमिक डिस्कला यातलं काहीही करू नका, पेपर तर मुळीच लावू नका.

बेअरिंग आणि जोड

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश. डावी-उजवीकडे हलवल्यावरच खेळ असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड. बेअरिंगचा खडबडीतपणा कानापेक्षा हाताला लवकर कळतो: एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. रस्त्यावर डावीकडच्या वळणात घुमघुम वाढली तर उजवं बेअरिंग बघा, कारण भार तिकडे जातो.

बॅलन्सिंग करून घेताना

आता मशीन. जुनी वजनं सगळी काढायला लावा. चाक मध्यावर धरणारा मशीनचा शंकू रिमच्या मागच्या बाजूने बसवायला सांगा, आणि एकदा मोजल्यावर चाक सैल करून १८० अंश फिरवून पुन्हा मोजायला लावा. दोन वाचनांत ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला, तर चाक मशीनवर नीट मध्यावर बसलेलं नाही आणि पुढचं सगळं व्यर्थ आहे. एका बाजूला ६० ग्रॅमहून जास्त वजन मागितलं जात असेल तर टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून बघा. रोलर दाबून टायरचा भाराखालचा उंचसखलपणा मोजणारं मशीन मिळालं तर त्यालाच पसंती द्या. वजनाची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि वजन चिकटवल्यावर वरून ॲल्युमिनियमची उष्णतारोधक टेप मारा.

चाक बसवताना हबच्या मध्याची रिंग तपासा. बाहेरच्या अलॉयसोबत येणारी प्लॅस्टिकची रिंग ट्रॅकच्या उष्णतेने वितळते किंवा चिरते, ॲल्युमिनियमची घाला. नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोलाईची, हेही रिमशी जुळवा. नट ताऱ्याच्या क्रमाने, चाक हवेत असताना अर्ध्या टॉर्कवर आणि जमिनीला टेकल्यावर पूर्ण टॉर्कवर आवळा. शेवटचं आवळणं इम्पॅक्ट गनने कधीही नको. मॅन्युअलने सांगितल्याशिवाय आट्यांना ग्रीस नको. ग्रीसमुळे तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. ५०-१०० किमीनंतर गार चाकांवर टॉर्क पुन्हा तपासा.

एवढ्यावरही कंपन राहिलं तर चाकं पुढची मागे करून चाचणी पुन्हा घ्या, पण चारही चाकांची मापं सारखी असतील तरच. मागची चाकं रुंद असलेल्या गाडीला खात्रीचा दुसरा चाकसंच घाला. कंपन नव्या संचासोबत गेलं तर दोष चाकात होता. तसंच राहिलं तर हबचा चेहरा डायल गेजने मोजा, आणि ०.०५ मिमीच्या वर गेला तर हब-बेअरिंग बदला.