गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करायचंय? आधी माझा घोळ ऐका

एमएस्सीला प्लांट पॅथॉलॉजी घेतली आणि गव्हाचा तांबेरा, म्हणजे बुरशीमुळे होणारा रोग, गळ्यात पडला. ज्युनियर विचारतात, रोगाला रोखणाऱ्या जीन्सचं किती यायला लागतं, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या सीझनला ट्रेमध्ये गव्हाच्या साठ लाइनी (प्रत्येक लाइन म्हणजे वेगळ्या वंशाचं बी) पेरल्या, पहिलं पान उघडल्यावर पानावरच्या तांबेऱ्याचे बीजाणू फवारले, रात्रभर दमट अंधारात झाकून ठेवलं आणि मग दोन आठवडे नुसतं बघत बसलो. स्कोअर ० ते ४. नुसता फिकट ठिपका दिसला तर समजायचं की बुरशी आत शिरली पण तिथल्या पेशी स्वतःच मेल्या आणि तिचं दाणापाणी तोडलं. ४ म्हणजे टपोऱ्या पुळ्या, बोट फिरवलं की नारिंगी पूड. अकरा लाइनींना ३-४ आले, मी वहीत लाल फुल्या मारून मोकळा!

सर म्हणाले, बी टाकू नकोस, शेतात पेर. पेरलं. शेजारचा आग्रा लोकल (तुलनेसाठी लावतात तो रोगाला हमखास बळी पडणारा वाण) तांबेऱ्याने पार माखलेला आणि माझ्या फुलीवाल्या चार लाइनींच्या शेंड्याच्या पानावर पुळ्या होत्या खऱ्या, पण बारीक, मोजक्या, त्याही उशिरा आलेल्या. पानांची टोकं वाळलेली, मला वाटलं पाणी कमी पडलं. मार्कर (जीन आहे का ते दाखवणारी डीएनए चाचणी) लावला तर एलआर-३४ नावाचा तांबेऱ्याला रोखणारा जीन निघाला, आणि टोकं वाळणं ही त्याचीच खूण!

हा जीन रोपात सहसा दिसतच नाही, झाड मोठं झाल्यावर काम करतो. २००९ मध्ये तो क्लोन झाला, म्हणजे नेमका वेगळा काढला गेला, तेव्हा कळलं की तो पेशीच्या पडद्यातून पदार्थ नेणारं प्रोटीन बनवतो. बुरशीला मारत नाही, रेंगाळत ठेवतो, पण पिवळा तांबेरा आणि भुरीलाही थोडा आवरतो. एकट्याने भागत नाही, म्हणून ब्रीडर असे तीन-चार जीन एकत्र आणतात. याउलट एसआर-३१ हा जीन, राय धान्यातून आलेला, खोडाच्या तांबेऱ्याला एकदम कडक, जगभरच्या वाणांत घातला, आणि १९९८ला युगांडात सापडलेल्या युजी-९९ रेसने (रेस म्हणजे बुरशीचा उपप्रकार) तो मोडला. बुरशीत एक बदल झाला की असा एकटा जीन आंधळा होतो, तिला ओळखतच नाही.

लॅब शिकालच, पण डोळा शेतातच बसतो. ४०एस म्हणजे ४० टक्के रोग आणि झाड बळी पडणारं, हे निदान शंभर ओळी स्कोअर केल्याशिवाय हाताला येत नाही. जमलं तर महाबळेश्वरचं तांबेरा केंद्र बघून या.

आणि हो, शेतातल्या प्लॉटमधून आलात की त्याच शर्टावर ग्रीनहाऊसमध्ये शिरू नका, बाहेरची रेस ट्रेमध्ये घुसली की महिन्याचं काम पाण्यात.