ब्राउझरमध्ये टॉरेंट लावताय? या चुका टाळा

आमच्या ओळखीत कुणाच्याही घरी टॉरेंट अडकलं की फोन मला येतो. सूरही ठरलेला: "स्पीड टेस्टला तर दोनशे दाखवतंय, मग हे नुसतं गोल गोल का फिरतंय?" तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

टॉरेंट म्हणजे फाइल इतरांच्या मशीनवरून तुकड्यातुकड्याने घ्यायची आणि द्यायची पद्धत. त्यातली मशीनं म्हणजे पीअर, आणि ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे तो सीडर. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मे घोळ इथेच होतात. ब्राउझरमधलं टॉरेंट दोन प्रकारचं असतं. पहिल्यात सगळं काम ब्राउझरच करतो. पान उघडायचं, मॅग्नेट लिंक (टॉरेंटची ओळख सांगणारा दुवा) टाकायची, व्हिडिओ सुरू. वेबटॉरेंट या जातीचं. दुसऱ्या प्रकारात खरा क्लायंट (टॉरेंट चालवणारं सॉफ्टवेअर) घरातल्या एखाद्या मशीनवर चालतो, म्हणजे जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक, काहीही, आणि ब्राउझर फक्त त्याचा पडदा असतो. पीअरफ्लिक्स सर्व्हर किंवा क्यूबिटटॉरेंटचं वेब पान या जातीचं. आपण यातलं कुठलं वापरतोय हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मी पुढचं काही सांगत नाही.

पाचशे सीडर, आणि पानावर शून्य पीअर

ही माझी सगळ्यात नावडती चूक. शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने पहिल्या प्रकारचं पान उघडलं, नमुन्याचा सिनेमा लावला आणि तो झटक्यात सुरू झाला. हा नमुना बहुतेक ठिकाणी एकच असतो: ब्लेंडर फाउंडेशनचा 'सिंटेल', २०१० चा, पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचा. मग गड्याने इंटरनेटवरून दुसऱ्या एका टॉरेंटची लिंक आणली. यादीत शेकडो सीडर, पण पानावर शून्य पीअर. अर्धा तास झाला तरी शून्य. निष्कर्ष काय काढला? "काका, केबलवाला चोर आहे." केबलवाल्याशी भांडण झालं, प्लॅन शंभरचा तीनशेचा केला, वडिलांच्या पैशाने नवा राउटर आणला. पीअर शून्यच.

केबलवाल्याचा यात काही संबंध नव्हता. ब्राउझरला साध्या टॉरेंट क्लायंटशी बोलताच येत नाही. साधे क्लायंट टीसीपी आणि यूडीपी या इंटरनेटच्या मूळ पद्धतींनी थेट जोडले जातात, आणि ब्राउझर सुरक्षेपायी कुठल्याही पानाला असं थेट जोडू देत नाही. पानाकडे एकच वाट उरते, ती म्हणजे वेबआरटीसी, ब्राउझरांना एकमेकांशी थेट बोलू देणारी सोय. त्यामुळे ज्याचा क्लायंट वेबआरटीसी बोलतो, तेवढाच पीअर पानाला दिसतो. यादीतले पाचशे सीडर साधे असतील तर पानाच्या लेखी ते नाहीतच. डीएचटी, म्हणजे पीअरनी मध्यस्थाशिवाय एकमेकांना शोधायची सोय, तीही पानातून चालत नाही. वेबसॉकेटवर (ब्राउझरला जमणाऱ्या जोडणीवर) चालणारा ट्रॅकर, म्हणजे पीअरची गाठ घालून देणारा सर्व्हर, लिंकमध्ये असावा लागतो, नाहीतर वेबआरटीसीवाले पीअरसुद्धा एकमेकांना सापडत नाहीत.

मग 'सिंटेल' कसा धावला? त्याच्या लिंकमध्ये वेबसीड दिलेला असतो. म्हणजे कुणीच पीअर नसला तरी फाइल सरळ वेबसर्व्हरवरून येते. नमुना चालला याचा अर्थ तुमचा ब्राउझर व्हिडिओ दाखवू शकतो, एवढाच. तुमची जोडणी नीट आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. मी चाचणी घेतो ती वेबसीड नसलेल्या टॉरेंटवर, आणि वेगाकडे बघण्याआधी पीअरचा आकडा बघतो. शून्य असेल तर वेगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आणि तीनशेच्या प्लॅनचं काय, तर दीड तासाच्या २ जीबी फाइलला सेकंदाला साधारण ३ मेगाबिट पुरतात. गुणाकार करून बघा.

यावर माझा उपाय सरळ आहे: घरात एक मशीन नेहमीचा क्लायंट चालवायला ठेवा आणि ब्राउझरमधून त्याचं पान उघडा. म्हणजे दुसरा प्रकार. ज्यांना पहिलाच हवा, त्यांनी वेबटॉरेंट डेस्कटॉप किंवा बिगलीबीटी घ्यावं. दोन्हीकडच्या पीअरशी बोलणारे क्लायंट आहेत हे. बिगलीबीटीला त्यासाठी वेगळा प्लगइन घालावा लागतो.

पहिला प्रकार कुठे छान चालतो, तर घरच्या फाइलींना. लग्नाचा व्हिडिओ अमेरिकेतल्या पुतण्याला पाठवायचाय? पानात फाइल टाका, लिंक पाठवा. फक्त त्याचं बघून होईपर्यंत तुमचा टॅब उघडा ठेवा. सीडर तुम्ही एकटेच आहात, आणि लॅपटॉप मिटून झोपायला गेलात तर तिकडे बिचारा मंगलाष्टकांपाशीच अडकतो. फोटोग्राफरने दिलेली एमपी४ फाइल असेल तर अजून एक गंमत होते. अशा फाइलची सूची पुष्कळदा शेवटी लिहिलेली असते, आणि ती हाती आल्याशिवाय प्लेअरला सुरुवात करता येत नाही. कुठलेही तुकडे येऊ देत, पडदा काळाच. एफएफएमपेग या व्हिडिओच्या अवजारात 'फास्टस्टार्ट' नावाचा पर्याय आहे, तो सूची उचलून पुढे आणतो. व्हिडिओ नव्याने बनवायचा नसतो, नुसती नक्कल करायची असते, त्यामुळे मोठी फाइलही पटकन होते. पाठवायच्या आधी मी हे करतोच.

पोर्ट उघडलं, आणि सगळंच उघडलं

ही दुसरी, आणि हिचा मला जास्त राग येतो.

माझा एक मावसभाऊ आहे. त्याने घरच्या जुन्या लॅपटॉपवर दुसऱ्या प्रकारचा सर्व्हर बसवला. घरात उत्तम चालला. मग याला वाटलं, ऑफिसातून पण बघता यावं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून एका क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) येणारं लॅपटॉपकडे वळवलं, पण चाललं नाही. चालणारच नव्हतं, कारण त्याचा पुरवठादार अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देणारा. हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता (पुरवठादाराने राउटरला दिलेला) १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, किंवा बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असेल, तर तुमच्या राउटरवरचं फॉरवर्डिंग व्यर्थ. याने ते न बघता दर महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घेतला. तरीही जमेना, तेव्हा कुठलासा व्हिडिओ बघून राउटरमधलं डीएमझेड चालू केलं, म्हणजे बाहेरून येणारं सगळंच त्या लॅपटॉपकडे सोडलं. कुलूप उघडत नाही म्हणून भिंतच पाडली.

त्या पानाला पासवर्ड नव्हता. काही दिवसांनी यादीत याने कधी न घातलेली टॉरेंटं दिसू लागली, नावं वाचवत नव्हती अशी, आणि लॅपटॉपची डिस्क काठोकाठ भरली. मला फोन: "दादा, व्हायरस आलाय का रे?" व्हायरस कसला! रस्त्यावरच्या कुणीही यावं आणि याच्या मशीनला हुकूम सोडावा, अशी सोय त्याने स्वतःच करून दिली होती. जे काही उतरलं आणि वाटलं गेलं, ते याच्या नावावरच्या आयपीवरून.

लोकांचा गोंधळ होतो तो दोन पोर्टांमध्ये. एक पोर्ट पीअरशी बोलायचं. जुने क्लायंट ६८८१ ते ६८८९ वापरायचे. ते उघडलं तर जास्त पीअर मिळतात आणि धोका बेताचा. दुसरं पोर्ट क्लायंटच्या वेब पानाचं; पीअरफ्लिक्स सर्व्हरचं ९०००, क्यूबिटटॉरेंटचं ८०८०, ट्रान्समिशन या क्लायंटचं ९०९१. हे बाहेर उघडायचं नाही. कधीच नाही, पासवर्ड असला तरी नाही. क्यूबिटटॉरेंटच्या पानाचा ठरलेला पासवर्ड वर्षानुवर्षं सगळ्या जगाला ठाऊक होता. २०२३ च्या ४.६.१ आवृत्तीपासून तो दर वेळी नवा तयार होऊ लागला. बाहेरून बघायचंच असेल तर वायरगार्ड (घरापर्यंतचा खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) लावा आणि त्यातून घरी या. लावायला एक संध्याकाळ जाते. ती घालवायची तयारी नसेल तर ऑफिसात कामच करा.

"माझं पान तर फक्त घरातच उघडतं" म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑरमंडीने दाखवून दिलं, की ट्रान्समिशन चालू असलेल्या मशीनवर तुम्ही एखादी लबाड वेबसाइट नुसती उघडली तरी ती साइट तुमच्याच ब्राउझरमार्फत क्लायंटला आज्ञा देऊ शकते. पुढच्याच महिन्यात युटॉरेंटचंही तसंच बाहेर आलं. दुरुस्त्या कधीच आल्या आहेत, पण तुम्ही कुठून तरी उचललेली, त्या दुरुस्त्यांच्याही आधीची आवृत्ती चालवत असाल तर दुरुस्तीचा तुम्हाला काय उपयोग? पासवर्ड घाला आणि आवृत्ती ताजी ठेवा.

बाकीच्या, पटापट

चित्र आहे, आवाज नाही: फाइलमधला आवाज एसी३ किंवा डीटीएस या पद्धतीत साठवलेला आहे आणि बहुतेक ब्राउझरांना तो कळत नाही. एमकेव्ही प्रकारच्या फाइलींचीही पुष्कळदा हीच रड, आणि एचईव्हीसी पद्धतीचं चित्र दिसेल की नाही हे ब्राउझर आणि मशीनवर अवलंबून. ब्राउझरशी झुंजू नका, स्ट्रीमचा पत्ता व्हीएलसी प्लेअरमध्ये टाका.

पान म्हणतंय "आधी हा प्लेअर किंवा कोडेक उतरवा": टॅब बंद करा. चर्चा नाही.

अपलोड शून्यावर आणणं हे हुशार लोकांचं लाडकं काम. देत नाही त्याला इतर क्लायंटही मागे ठेवतात, बिटटॉरेंटची रचनाच तशी आहे. उलट टोक म्हणजे अपलोड मोकळं सोडणं. वरची वाट तुंबली की खालून येणाऱ्या डेटाची पोच वेळेत जात नाही आणि सगळ्या घराचं नेट बसतं. आतल्या खोलीत कुणाची मीटिंग चालू असेल तर जेवणाच्या ताटावर ऐकून घ्यावं लागतं. मी अपलोड स्पीड मोजतो आणि त्याच्या दोनतृतीयांशावर मर्यादा लावतो.

सुरू झाल्या झाल्या मधल्या भागावर उडी मारणं. तिथले तुकडे आलेलेच नसतात, क्लायंटला सगळा क्रम बदलून नव्याने मागणी करावी लागते. दोन मिनिटं थांबा. एवढाही धीर नसलेल्यांनी टॉरेंटच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन मध्येच गुदमरतंय: पीअरफ्लिक्सच्या जातीचे क्लायंट फाइल टेम्प फोल्डरमध्ये उतरवतात, आणि बऱ्याच लिनक्समध्ये टेम्प फोल्डर रॅममध्ये असतो. १ जीबी रॅमच्या रास्पबेरी पायवर ४ जीबीची फाइल लावली की दुसरं काय होणार? पहिल्याच दिवशी फोल्डर बदलून बाहेरच्या डिस्कवर न्या.

आणि नवा सिनेमा फुकट बघायला हे लावत असाल तर मला विचारू नका. टॉरेंटमध्ये बघणारा वाटतही असतो, आणि त्याचा आयपी बाकीच्या सगळ्या पीअरना दिसतो. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ सहा महिने ते तीन वर्षं कैदेची भाषा करतं. ब्लेंडरचे सिनेमे आहेत, इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या चित्रपटांची टॉरेंटं आहेत, लिनक्सच्या फाइली आहेत.

टॅब बंद केला म्हणजे थांबलं?

पहिल्या प्रकारात हो. दुसऱ्यात नाही! पान म्हणजे नुसता पडदा. मागचं मशीन रात्रभर देत राहतं, आणि ज्यांच्या प्लॅनला मर्यादा आहे त्यांचा महिना संपायच्या आधीच वेग गळपटतो. मग पुन्हा केबलवाल्याला फोन. बहुतेक पुरवठादार वापर मोजताना चढवलेलं आणि उतरवलेलं दोन्ही धरतात. मी घेतलं तेवढं परत देऊन होईपर्यंत, म्हणजे रेशो १ होईपर्यंत, टॉरेंट ठेवतो आणि मग आपोआप थांबेल अशी सेटिंग लावतो. लिनक्सच्या फाइलींना मात्र मर्यादा लावत नाही, त्या रात्रीच्या वेळी चालू असतात.