अमरवेल उपटून धुऱ्यावर टाकू नका

सोयाबीन महिन्याचं झालं असेल तर उद्या सकाळीच, ऊन तिरपं असताना, वावरात चक्कर मारा. दुरून पिवळा चट्टा दिसला की जवळ जाऊन वाका. नुसती पानं पिवळी असतील तर गोष्ट वेगळी. पण शेवयांसारखे पिवळे-नारिंगी, बिनपानाचे धागे झाडाला गुंडाळलेले असतील तर ती अमरवेल. धागा ओढला तर सुटत नाही, तुटतो. कारण तिची शोषकं, म्हणजे झाडाचा रस ओढणारी टोकं, खोडात घुसलेली असतात. झाड धरल्यावर तिचं जमिनीतलं मूळ वाळून जातं, म्हणून डवऱ्यानं (कोळप्यानं) ती मरत नाही. उलट तुकडे डवऱ्याला अडकून पुढच्या ओळीत जातात.

गेल्या पावसाळ्यात एका वावरात बायांनी दिवसभर निंदून वेल काढली आणि सगळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकली. आठवड्याभरात धुऱ्यालगतच्या तुरीवर पिवळं जाळं चढलं. ओला तुकडा झाडाला टेकला की पुन्हा धरतो. हे मी दरवर्षी पाहतो, म्हणून दरवर्षी सांगतो.

वेल धरलेली सोयाबीनची झाडंही तिच्यासकट उपटा, कडेची हातभर झाडंसुद्धा. जीव तुटतो, पण तेवढी जाऊ द्या. सगळं तिथंच गोणीत भरा, बाहेर ताडपत्रीवर वाळवा, मग जाळा. उकिरड्यावर नको, जनावरांपुढेही नको. बी शेणातून जिवंत वावरात येतं. पांढऱ्या फुलांचे गुच्छ दिसायच्या आत हे उरका. एकदा बी झडलं की दहा वर्षंही मातीत टिकतं.

दुकानात पिवळेपणा सांगितला की टॉनिक हातात ठेवतात. घेऊ नका. क्विझालोफॉपही नको, ते गवतवर्गीय तणांचं औषध आहे. अमरवेल उगवण्याआधीच रोखायचं तणनाशक म्हणजे पेंडीमिथॅलिन ३० ईसी, एकरी १ ते १.३ लिटर, २०० लिटर पाण्यातून, पण पेरणीनंतर दोन दिवसांत आणि ओल असताना. यंदा ती वेळ गेली, आता हातच कामाचे.

माझा अंदाज असा, की पहिला चट्टा बहुतेक थ्रेशर उभा होता किंवा कुटाराची (मळणीनंतरच्या भुशाची) गंजी होती तिथंच निघतो. आधी तिथं बघा.

पुढची कामं:
- दर आठ दिवसांनी त्याच जागी फेरी
- थ्रेशर झाडून मगच वावरात
- घरचं बियाणं चाळून घेणं. अमरवेलीचं बी बारीक, खाली गळतं
- त्या पट्ट्यात पुढच्या साली ज्वारी किंवा मका. त्यांच्यावर ती जगत नाही